मुक्काम नाही, पोस्ट आहे

लंडनमधल्या एका डे सेंटरमध्ये मी दर गुरुवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. रात्रीचा निवारा सकाळी रिकामा करावा लागतो, आणि त्यानंतरचा अख्खा दिवस, तोही जानेवारीतल्या पावसात, कुठे काढायचा, हा बेघर माणसापुढचा प्रश्न अशा केंद्रापुरता तरी सुटतो. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे सांगताना तो चोवीस तास, बारा महिने उघडा असावा असेही बजावले होते, ते याचसाठी.) येथे नाश्ता, अंघोळ, धुण्याचे यंत्र, मोबाइल चार्ज करण्याची सोय आणि पायांच्या जखमा पाहणारी परिचारिका असते. मला टोस्ट वाढायचे काम मिळेल असे वाटले होते. मिळाली ती टपालाची खिडकी.

खिडकीमागे आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे खण आहेत. नाव नोंदवलेल्या माणसाला सेंटरचा पत्ता स्वतःचा म्हणून देता येतो; आपण पूर्वी पाकिटावर ‘द्वारा अमुक’ असे लिहीत असू, तोच प्रकार. सरकारी भत्ता, बँक, न्यायालय, इस्पितळ या सगळ्यांची पत्रे येथे येतात. वास्तविक डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, असे येथील आरोग्यसेवेचेच म्हणणे आहे, तरी दवाखान्यातली स्वागतिका तो मागते, म्हणून आम्ही हा नियम छापलेले एक कार्ड माणसाच्या हाती देऊन पाठवतो. ते कार्ड कित्येकदा माणसापेक्षा जास्त ऐकले जाते, याचा मला दर वेळी राग येतो.

सर्वांत अवघड प्रकरण कौन्सिलचे, म्हणजे येथील स्थानिक पालिकेचे. २०१७ च्या कायद्याने बेघरांना मदत करण्याचे कौन्सिलचे कर्तव्य अधिक व्यापक झाले, परंतु घर मागताना ‘तुमचा या भागाशी संबंध काय?’ हे विचारले जातेच, आणि त्याची नेहमीची कसोटी म्हणजे गेल्या बारा महिन्यांतले सहा महिने त्या भागात वास्तव्य. ज्याला राहायला जागाच नाही त्याने वास्तव्य सिद्ध करायचे! अशा वेळी आमच्या नोंदवहीतली हजेरी कधी कधी कामी येते. २०२४ च्या शरद ऋतूत एका रात्रीच्या गणनेत इंग्लंडमध्ये रस्त्यावर झोपणारी ४,६६७ माणसे आढळली. रात्रभर बसने फिरणारे आणि मित्राच्या सोफ्यावर दिवस काढणारे या आकड्यात येत नाहीत, पण आमच्या खणांत त्यांचीही पत्रे असतात.

आमचा एक नियम मात्र कडक आहे, पाकीट फोडायचे नाही. मागच्या महिन्यात इस्पितळाचा शिक्का असलेले एक पत्र नऊ दिवस पडून होते. तपासणीची तारीख आतल्या कागदावर, आणि त्या गृहस्थांचा फोन बंद. नाश्त्याच्या रांगेत दोघा-तिघांना ‘तुमचे टपाल आले आहे, एवढेच त्यांना सांगा’ असा निरोप देऊन ठेवला. गुरुवारी पावणेबाराला, खिडकी बंद करण्याच्या बेतात असताना ते आले. निरोप त्यांना पोचलाच नव्हता. त्यांना फक्त कोरडे मोजे हवे होते.