पक्षातला नवा पीस

ॲपलच्या मुख्यालयात, क्युपर्टिनोत, बसून तारखा ठरवणाऱ्यांना पितृपक्ष माहीत असायचं काही कारण नाही. आयफोन १७ त्यांनी ९ सप्टेंबर २०२५ ला जाहीर केला, १२ ला बुकिंग उघडलं आणि १९ ला, शुक्रवारी, विक्री सुरू केली. आमच्या पंचांगात त्या दिवशी त्रयोदशीचं श्राद्ध. सर्वपित्री दोन दिवसांवर. लातुरातल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात विचारा, पक्षाचा पंधरवडा आम्ही कव्हर, टफन (स्क्रीनवरची काच) आणि रिपेअरिंगवर काढतो. नवा डबा फुटत नाही. त्यात त्या वर्षी २२ तारखेला घटस्थापना, आणि जीएसटीचे नवे दरही त्याच दिवसापासून. म्हणजे गिऱ्हाइकाला थांबायला एकाला दोन कारणं.

लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईपासून जवळच, आमचं दुकान आहे आणि मी तिथं काउंटर सांभाळते. शेठनी मोजकेच पीस मिळवले होते. साधे १७, दोन-तीन प्रो आणि एक एअर. प्रोमध्ये नारिंगी रंगाचा एकच. तो मिळवण्यासाठी डिस्ट्रिब्युटरनं सोबत जुन्या मॉडेलचे न खपणारे डबे गळ्यात मारले होते, ते अजून मागच्या रॅकला आहेत. कंपनी त्या रंगाला कॉस्मिक ऑरेंज म्हणते. आमच्याकडं शटर उघडायच्या आधीपासून फोन येत होते ते ‘भगवा आलाय का’ म्हणून.

दहा वाजता दुकान उघडलं तेव्हा बाहेर गर्दी होती. खरेदीची नाही, बघ्यांची. दोघातिघांच्या हातात एकच व्हिडिओ चालू होता: मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांग लागली आणि रांगेत धक्काबुक्की झाली. “तिथं हाणामारी चाललीय अन् तुमच्याकडं भवानी तरी झाली का मॅडम?” असं एकानं विचारलं. झाली नव्हती. बारा वाजेपर्यंत झालीच नाही.

पण बोलणं मात्र भरपूर झालं. मी ह्या धंद्यात बरीच वर्षं आहे. एवढ्या लोकांनी एकाच फोनवर एवढ्या वेगवेगळ्या बाजूंनी मत देताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सगळ्यात आधी आली ट्युशन एरियातली, म्हणजे क्लासेसच्या भागातली, पोरं. सकाळची बॅच सुटली की ती गोलाईकडं येतात. त्यांच्या खिशात कीपॅडचा फोन असतो, कारण हॉस्टेलला दुसरा चालत नाही. जूनमध्ये आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो हाच. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारा एक चष्मेवाला पोरगा, हातात तसला कीपॅड धरून, मलाच समजावून सांगू लागला: साध्या १७ मध्ये ए१९ चिप, प्रोमध्ये ए१९ प्रो, प्रोमध्ये गरमी बाहेर काढायला व्हेपर चेंबर, आणि ह्या वर्षी पहिल्यांदा साध्या मॉडेललाही १२० हर्ट्झचा डिस्प्ले. सगळं बरोबर. शिवाय त्याचं म्हणणं असं, की साधा १७ घेणाराच शहाणा, बाकीचे रंगाचे पैसे देतात. ८२,९०० ला २५६ जीबी मिळतंय, मागच्या वर्षीच्या साध्या मॉडेलला तेवढं सुरुवातीला नव्हतं. मी म्हणाले, बाळा, तू दुपारून इथं उभा राहा, माझं टार्गेट होईल. लाजला आणि गेला.

एअरची मात्र दयाच आली. तसा फोन सुंदर आहे. ५.६ मिलिमीटर जाडी, हातात घेतला की काही घेतलंय असं वाटत नाही. आमच्याकडं ते गुण ठरले नाहीत. पहिला प्रश्न: “कॅमेरा एकच?” १,१९,९०० रुपयांना एकच कॅमेरा, हे कुणालाच पटेना. दुसरा प्रश्न त्याहून अवघड. औशाचे एक कापडवाले शेठ डबा उलटासुलटा करून म्हणाले, “सिम कुठं टाकायचं?” मी सांगितलं, ह्यात सिमची जागाच नाही, ई-सिम असतं, सिमच्या कंपनीकडून फोनमध्येच उतरवून घ्यायचं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे उद्या हा बंद पडला तर सिम काढून पोराच्या फोनमध्ये टाकता येणार न्हाई?” येणार नाही. ई-सिम दुसऱ्या फोनवर नेता येतं, पण त्याची रीत निराळी. “मग राहू द्या.” गावाकडं फोन पडला, भिजला, हरवला तर माणूस पहिल्यांदा सिम वाचवतो, नंबर वाचला की सगळं वाचलं. त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. एअर त्या दिवशी काचेतून बाहेर आला आणि काचेत गेला, एवढंच.

जीएसटीवर माझा घसा बसला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या की २२ पासून सगळं स्वस्त, त्यामुळं निम्मी माणसं ‘सोमवारी किती कमी होणार’ एवढंच विचारत होती. शून्य. ३२ इंचांवरचे टीव्ही, एसी, ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली, ह्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार होता. मोबाईल आधीपासून १८ वरच बसलाय, १ एप्रिल २०२० पासून. त्याआधी तो १२ वर होता. म्हणजे ८२,९०० च्या फोनमध्ये साडेबारा हजारांच्या वर करच आहे आणि तो सोमवारीही तेवढाच राहणार. हे एका गिऱ्हाइकाला हिशोब मांडून दाखवलं, तर तो म्हणाला, “मग मी गाडीच घेतो,” आणि खरंच निघून गेला. शेठनी माझ्याकडं असं बघितलं की जणू शोरूमवाल्यानं मला कमिशन दिलंय.

डब्यावर ‘असेंबल्ड इन इंडिया’ वाचून एकानं विचारलं, इथंच बनतोय तर इथंच महाग का? त्यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते ऐकायला तो थांबला नाही. चार्जर डब्यात नाही म्हणून चिडणारे तर दरवर्षी असतातच. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, नाही. तरी दर वेळी नवा धक्का.

सगळ्यात नेमकं बोलले ते चार्जिंगची पिन बसवून घ्यायला आलेले एक म्हातारे मामा. रिपेअरिंगचा पोरगा त्यांचा फोन उघडून बसला होता, म्हणून ते वेळ काढत काचेपाशी उभे राहिले. नारिंगी फोनकडं बोट दाखवून म्हणाले, “हा कुबोटा ट्रॅक्टरचा रंग.” किंमत विचारली. १,३४,९००. मग तोंडातल्या तोंडात हिशोब. २०२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. “पंचवीस क्विंटल घातलं तरी सतराशे कमीच पडायलेत,” ते म्हणाले. मी नंतर कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, रुपयालाही चुकले नव्हते. पुन्हा स्वतःच म्हणाले, “अन् हमीभाव भेटतो कुणाला!” पिन बसली, दीडशे रुपये दिले, गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की हेवा नव्हता. एखाद्या बैलाची किंमत ऐकावी तसं ऐकलं.

दुपारी तीनच्या सुमारास तो नारिंगी पीस ज्याच्या नावानं बुक होता तो पोरगा आला. चाकणला कंपनीत आहे, वडिलांचं पितर घालायला सुट्टी काढून गावी आलेला. औसा तालुक्यातलं, तेरणेकाठचं गाव. आईला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं निमित्त काढून लातूरला आला होता, म्हणून आईही सोबत. तिला आत येईपर्यंत पत्ता नव्हता की पोरगा फोन घ्यायलाय.

फायनान्सची फाईल आधीच लागलेली होती. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, चांगला. २४ हप्ते, महिन्याला ५,६२१ रुपये. डीओ (फायनान्स कंपनीची माल देण्याची ऑर्डर) पडला, बिल फाटलं आणि मी डबा काउंटरवर ठेवला. आता इथं आमच्याकडचा एक नियम सांगायला हवा. नव्या आयफोनचा डबा आम्ही सीलबंद देत नाही. दुकानातच फोडायचा, फोन चालू करायचा, मग द्यायचा. कारण पहिल्या आठवड्यात सीलबंद डबे वरच्या भावानं ब्लॅकमध्ये फिरतात आणि मग विचारणा दुकानदाराला होते.

पोरानं सीलची पट्टी धरली. आई म्हणाली, “थांब.”

“हे काय हाय?”

त्यानं सांगितलं. किंमत सांगितली नाही, पण बिल समोर होतं आणि तिचे डोळे आम्हाला वाटत होते तेवढे काही कमी झालेले नव्हते. पैशाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, हे मला आजही नवल वाटतं. ती म्हणाली, “काल बापाचं पितर घातलंस अन् आज नवी वस्तू? पक्षात मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार न्हाई.”

पोरगा म्हणाला, आई, मला रविवारी रात्री परत जायचंय, सोमवारी शिफ्ट आहे. ती म्हणाली, जा की. फायनान्सवाला पोरगा मध्ये पडला, की काकू, आता कॅन्सल केलं तर फाईल परत लावावी लागेल, पीस परत मिळायचा नाही. शेठ म्हणाले, डबा तरी फोडा, नाहीतर मला देता येत नाही. मी काहीच बोलले नाही. माझ्या घरीही हेच झालं असतं, माझी सासू तर दुकानात येऊन बसली असती.

अर्धा तास हा तिढा. मागं गर्दी जमली आणि लोक दोन बाजूंना वाटले गेले. एक म्हणाला, पितर आपलेच असतात, त्यांना पोराचं चांगलं झालेलं बघवणार नाही का? दुसरा म्हणाला, चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? एकानं हळूच शेठच्या कानाशी लागून सांगितलं, तो नको म्हणाला तर मला द्या, वर पाच हजार देतो. शेठनी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं, कारण कान लाल झाले होते.

शेवटी तोड काढली ती आईनंच. तिनं मला विचारलं, “पोरी, हे तुमच्या दुकानात ठिवता येतंय का सोमवारपर्यंत?” ठेवता येईल, मी म्हणाले, तिजोरीत ठेवू. “मग फोडा इथं. चालू करा. घरात काय आली न्हाई वस्तू, मग पितरांचा काय संबंध?” तिच्या नियमात जे बसत होतं ते आमच्याही नियमात बसत होतं. पोरगा म्हणाला, चालू केला की वॉरंटी आजपासून सुरू होते, तीन दिवस पक्षातच जाणार. कुणीतरी मागून म्हणालं, त्या तीन दिवसांत तिजोरीत बिघडणार काय? सगळे हसले, तोही हसला.

फोन चालू झाला. त्यानं स्वतःचा चेहरा लावला, फोटो एक काढला, आईचा. फोनमध्ये सिम घातलं नाही. मग बंद करून पिशवीत, पिशवी तिजोरीत. त्या दिवसाची भवानी ती, दुपारी चार वाजता, आणि माल दुकानातच. पुढं संध्याकाळी साधे १७ दोन गेले, दोन्ही पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी नेले. पक्ष मानणारं कुणी घरी नसावं.

सोमवारी घटस्थापना झाली, पण त्याच दिवसांत मराठवाड्यात पावसानं जो धुमाकूळ घातला तो सगळ्यांनी पाहिलाय. तेरणा भरून वाहत होती, त्यांच्या गावच्या पुलावर पाणी. पोरगा चाकणहून दुकानाच्या नंबरवर फोन करायचा, “मॅडम, आहे ना?” आहे. “चालू करून बघा ना एकदा.” मी उघडून बघणार कशी, चेहरा त्याचा. आईचा फोन लागत नव्हता तेव्हा मात्र त्याच्या आवाजातून तो आयफोन निघून गेला होता. त्या दिवशी त्यानं फोनबद्दल विचारलंच नाही.

पाणी ओसरल्यावर ती एकटी आली, एसटीनं, चिखलाच्या चपला दाराबाहेर काढून. घर वाचलं होतं. सोयाबीन पाण्याखाली होतं. जास्त सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पिशवीतून कुंकवाची डबी काढली, डब्यावर बोट टेकवलं. चुलतभाऊ संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघाला होता, त्याच्या हाती पाठवायचा होता.

जाताना मी सवयीनं विचारलं, काच लावून देऊ का, कव्हर दाखवू का? खरं सांगायचं तर आयफोनच्या डब्यात दुकानदाराला सुटतं फार थोडं, आमचं पोट काच आणि कव्हरवर. तिनं विचारलं, कितीला? काच पाचशे, कव्हर सातशे.

“दोन्हीचे चारशे.”

मी म्हणाले, काकू, एक लाख पस्तीस हजारांचा फोन आहे.

“ते त्यानं दिलेत. हे मी द्यायले.”

शेठ गल्ल्यावरून उठून आले. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पदराची गाठ सोडून चारशे रुपये काउंटरवर ठेवले, सुट्टे. शेठनी एकदा नोटांकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मला म्हणाले, “लावून दे. बुडबुडा ठेवू नको.”