रिव्हर्समधला ‘टक्’ आणि घसघस: जुन्या हॅचबॅकची नोंद

गाडी रिव्हर्स घेताना ब्रेक दाबला की आवाज येतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तो एकच नसून दोन आवाज आहेत, ‘टक्’ आणि घसघस, हे आता नक्की झालं.

जळगावच्या मे महिन्यात काचा खाली करून गाडी चालवणं म्हणजे शिक्षाच, म्हणून भल्या पहाटे कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी मागे घेत बसलो. भिंतीवरून आवाज परत येतो, बाजू लगेच कळते. मागच्या डाव्या टायरवर खडूची रेघ मारली आणि भाच्याला बाहेर उभं केलं. ‘मामा, रेघ खाली आली का घासतं!’ म्हणजे चाकाच्या फेऱ्याला एकदा. तेरा इंची चाकाचा घेर साधारण १.८ मीटर, अंतरही जुळलं. त्याच वेळी पायाखाली पेडल बारीक थरथरतं.

‘टक्’ मात्र दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला, एकदाच. हँडब्रेकने थांबवली तर येत नाही; तो फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे दोष पुढे. ब्रेक पॅड (डिस्कवर दाबली जाणारी पट्टी) की लोअर आर्मचं, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं, रबरी बुश? चाक काढून पहारीने आर्म हलवून पाहिला, बुश घट्ट. पॅडला स्क्रूड्रायव्हरने रेटलं आणि हुबेहूब तोच टक्! पॅड जागेवर धरणाऱ्या क्लिपांची ताकद गेली होती. नव्या बसवल्या, पॅड दाबणारा भाग ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस नको, रबर फुगतं). आता अगदी हलका टक् उरलाय. तेवढा बऱ्याच गाड्यांत असतोच, त्याच्या मागे लागणार नाही.

घसघशीचं मूळ मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यात. ब्रेक दाबला की आतले दोन अर्धगोल शू त्याला आतून घासतात. रिव्हर्समध्ये ड्रम उलटा फिरतो, त्यामुळे एरवी मागे ओढला जाणारा शू चावायला लागतो, आणि त्याचा लायनर (घासणारा थर) कमी झिजलेला असतो. ड्रम निघेना, तेव्हा त्याच्याच आट्यांच्या दोन भोकांत बोल्ट आलटून-पालटून आवळत गेलो. आत काळ्या मातीचा वाळलेला थर आणि कडेला गंजाचा उंचवटा. ही धूळ एअर मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर) शू टेकतात त्या जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या आणि उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं लावलं.

घसघस कमी झाली, थरथर तशीच. ड्रम गोल राहिलेला दिसत नाही. आता लेथवाल्याकडे मोजायला देतोय. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासात बसला तर टर्निंग (लेथवर आतून तासून गोल करणं), नाहीतर दोन्ही बाजूंचे ड्रम नवे.