चप्पल निसटते, पण कळते का?

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही सात जणांनी महाविद्यालयात न्यूरोलॉजीचा विद्यार्थी-गट सुरू केला, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणच्या आमच्या त्या महाविद्यालयात न्यूरोलॉजीचा स्वतंत्र विभागसुद्धा नव्हता. मेंदूचे आणि मज्जारज्जूचे रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात असत, आणि परीक्षेत ‘न्यूरोची केस’ वाट्याला येऊ नये म्हणून भलेभले हुशार विद्यार्थी आदल्या रात्री देवाला साकडे घालत. या भीतीला अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट राल्फ जोझेफोविझ यांनी १९९४ मध्ये ‘न्यूरोफोबिया’ हे नाव दिले. मूलभूत विज्ञान आणि प्रत्यक्ष रुग्ण यांची सांगड विद्यार्थ्याला घालता येत नाही, हे तिचे एक मूळ त्यांनी दाखवले होते. आमचे तरी नेमके तसेच झाले होते. पहिल्या वर्षी विच्छेदनगृहात ज्या मेंदूचे तुकडे आम्ही हाताळले, त्याचा पुढे वॉर्डात दिसलेल्या लुळ्या हाताशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजी’च्या आश्रयाने असे विद्यार्थी-गट चालतात आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘साइन’ असा होतो. रुग्णाच्या तपासणीत डॉक्टरला जे सापडते त्यालाही आम्ही ‘साइन’च म्हणतो, त्यामुळे हे नाव मला फार आवडले होते. आमच्या गटाला मात्र पहिल्या वर्षी एकही ‘साइन’ सापडली नाही, कारण ते वर्ष आम्ही पोस्टर, ऑनलाइन व्याख्याने आणि ई-प्रमाणपत्रे यांत घालवले. प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवणारे पुष्कळ होते, शेवटपर्यंत ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. अखेर मेडिसिनच्या एका मॅडमनी आम्हाला बोलावून सांगितले की पोस्टर पुरे झाली, आता शनिवारी दुपारी वॉर्डात या.

त्यांचे नियम कडक होते. रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, एका खाटेभोवती चौघांपेक्षा अधिक जणांनी उभे राहायचे नाही, आणि एमआरआयचा अहवाल सर्वांत शेवटी पाहायचा. बिघाड चेतासंस्थेत कोठे आहे हे आधी ठरवायचे आणि तो कशामुळे झाला हा प्रश्न त्यानंतर. गुडघ्यावर ठोकून पाहायचा हॅमर आणि कंपनाची जाणीव तपासायचा ट्यूनिंग फोर्क पिशवीतच राहत, कारण पहिला अर्धा तास केवळ बोलण्याचा असे. उकिडवे बसल्यावर उठता येते का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, हे प्रश्न मांडीच्या आणि खांद्याच्या स्नायूंविषयी असतात. घास कालवता येतो का, हा बोटांविषयी. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, असे कोणी सांगितले तर पायांकडून मेंदूला जाणारी स्थितीची जाणीव कमी झाली असावी, कारण डोळे उघडे असेपर्यंत ती उणीव भरून निघत असते. चपलेचा प्रश्न तर आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकून पाठ असतो: चप्पल निसटते, पण निसटल्याचे कळते का? कळूनही धरून ठेवता येत नसेल तर पाऊल आणि बोटे दुबळी झाली आहेत, आणि कळतच नसेल तर संवेदना गेली आहे. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे काय, हेही आम्ही पुस्तकात नव्हे, नातेवाइकांच्या तोंडून शिकलो. ते कधी गेले, हा प्रश्न लगेच विचारायचा असतो, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

करिअरविषयीही गटात स्पष्ट बोलणे होई. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग एमडी मेडिसिनची तीन, त्यानंतर डीएम न्यूरोलॉजीची आणखी तीन, म्हणजे साडेअकरा वर्षे. मधल्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा आणि बंधपत्राच्या सेवेचा काळ वेगळा. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर आमच्यापैकी दोघांनी आपला बेत बदलला, आणि ते त्यांना गटाच्या दुसऱ्याच वर्षी कळले हे बरेच झाले. एकीने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी-संशोधन योजनेसाठी दोन महिन्यांचा प्रकल्प लिहिला. तो लिहिताना तिला जे शिकायला मिळाले, ते आमच्या साऱ्या ऑनलाइन व्याख्यानांपेक्षा अधिक होते.

इंटर्नशिपच्या शेवटच्या शनिवारी मी नव्या मुलांना घेऊन एका शेतमजूर आजींपाशी गेले. पायांना मुंग्या येत असल्याची त्यांची तक्रार होती. एका मुलाने पाठ केलेला प्रश्न विचारला, “आजी, चालताना चप्पल निसटते का?” आजी म्हणाल्या, “बाळा, मी जन्मभर अनवाणीच चालले.” मुलगा गप्प झाला आणि माझ्याकडे पाहू लागला, मलाही पुढचा प्रश्न सुचेना. मग त्याने स्वतःच जरा वेळाने विचारले, “पायात काटा मोडला तर कळतो का?”

“आधी कळायचा,” आजी म्हणाल्या. “आता रात्री पाय धुताना रक्त दिसतं, तेव्हा समजतं.”