चार तंबोरे आणि दोन कच्च्या चिठ्ठ्या

मी दिवाणी कोर्टात बेलिफ आहे. सांगली जिल्ह्यात समन्स, नोटिसा आणि वॉरंटं घेऊन फिरण्यात एकवीस वर्षं गेली. लोक आम्हाला एक तर पोलीस समजतात, नाहीतर पतसंस्थेचा वसुलीवाला. पतसंस्थेची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यावर चालते, त्यांची माणसं वेगळी. आमच्याकडं कोर्टाचा हुकूमनामा बजावणीला येतो. तो चूक की बरोबर हे ठरवायचं काम आमचं नाही. दारात उभं राहून हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की बायको झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल.

त्या दिवशी आम्हाला कामं वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांनी हातात दिलेलं वॉरंट जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या मालाच्या, जप्तीचं होतं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं. लाकडाच्या व्यापाऱ्यानं तून लाकडाच्या उधारीचा दावा जिंकलेला, पैसे आले नाहीत म्हणून दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज. खर्च-व्याजासकट १,६४,३२० रुपये. डिसेंबर होता. सूर्य मावळल्यावर राहत्या घरात जप्तीला शिरता येत नाही, म्हणून हिवाळ्यात मी असली कामं जेवणाआधीच काढतो. शेठ स्वतः आले नाहीत, त्यांनी दिवाणजीला पाठवलं. दिवाणजी छोटा हत्ती आणि दोन हमाल घेऊनच हजर. भाडं ठरवून आणलेला टेम्पो रिकामा परत न्यायचा नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

आधी पंच मिळेनात. एकाला दुकान सोडता येईना, दुसऱ्याची पाठ धरलेली. शेवटी समोरच्या दुकानातले म्हातारे सतारमेकर आले. दुसरा पंच कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, तोही एकदाचा तयार झाला.

पुढं कारखाना, मागं घर. ज्यांच्यावर वॉरंट होतं ते वाद्यं बनवणारे चाचा जमिनीवर बसून एका घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. मी वॉरंट वाचून दाखवलं. त्यांनी कानस खाली ठेवली नाही, फक्त थांबवली.

"मला दोनच रस्ते आहेत, चाचा. रक्कम द्या, पावती घ्या. नाहीतर मला यादी करावी लागेल."

"करा यादी," ते म्हणाले. "चहा सांगू का?"

चहा मी घेत नाही. म्हणजे जप्तीच्या घरात घेत नाही.

दिवाणजीनं लगेच बोट दाखवायला सुरुवात केली. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट. मी मान हलवली. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे. तिच्या कलम ६० मध्ये कारागिराची हत्यारं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्तीतून सोडलेलं आहे. शेतकरी असेल तर अवजारं, बैल, बियाणं. हे कलम मला पाठ आहे, कारण माझं निम्मं काम काय न्यायचं यापेक्षा काय सोडायचं याचंच असतं. दिवाणजीला वाटलं मी चाचांना धार्जिणा आहे. वाटू दे.

मग भिंतीवरची वाद्यं. अकरा होती. दिवाणजी म्हणाला, "अकराच्या अकरा लिहा." मी जवळ जाऊन पाहिलं तर सातांच्या मानेला दोऱ्यानं कागदाचे तुकडे बांधलेले. वर नाव, गाव, दुरुस्तीला आल्याची तारीख. एकावर पेन्सिलनं फक्त 'खुंटी ढिली' एवढंच. दुसऱ्याची वस्तू ऋणकोच्या, म्हणजे पैसे देणं असलेल्याच्या, कर्जात नेता येत नाही. पण चिठ्ठी काय, कुणीही बांधेल. जप्ती येणार कळल्यावर रातोरात म्हशींच्या गळ्यात मेव्हण्याच्या नावाच्या पाट्या आलेल्या मी पाहिल्यात. म्हणून चाचांची वही मागितली. तारखा जुळल्या, शाईही जुनी होती. सात बाजूला झाली.

उरले चार तंबोरे. त्यातल्या एकावर पुण्याच्या एका गायकांनी निम्मी आगाऊ रक्कम दिलेली. आता हा कुणाचा? वाद्य तयार झालेलं, पण पूर्ण पैसे आलेले नाहीत, ताबा दिलेला नाही. मी तो यादीत घेतला आणि पुढं लिहिलं : 'सदर वस्तूबाबत त्रयस्थाचा आगाऊ रक्कम दिल्याचा दावा आहे असे ऋणको सांगतात.' गायकांना कोर्टात हरकत घ्यायची वाट मोकळी राहिली. माझ्या पगारात याहून मोठा निवाडा बसत नाही.

किंमत लिहायची वेळ आली तेव्हा दिवाणजी म्हणाला, "लाकूड नि भोपळाच आहे ओ, पाच-पाच हजार लिहा." किंमत कमी लिहिली की जास्त वस्तू उचलता येतात, हा हिशेब नवा नाही. तेवढ्यात समोरचे म्हातारे पंच उठले, एक तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा एकेक करून छेडल्या. जोडीची तार छेडून थांबले. आवाज बराच वेळ खोलीत राहिला. मग घोडीवर नख फिरवून म्हणाले, "जवारी, ही घोडीची घासणी, याच्या हातची आहे. २०२४ ला आमच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पेपरात वाचलं नाही काय? बावीस लिहा." दोन बावीसचे, दोन अठराचे. ऐंशी हजार. आयुष्यात पहिल्यांदा मी कानानं काढलेली किंमत पंचनाम्यात लिहिली.

रक्कम पुरी होईना म्हणून दिवाणजीनं वर पाहिलं. छताला दोऱ्यांनी वाळलेले भोपळे टांगलेले, चौदा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात. कडू, जाड सालीचे, खायच्या उपयोगाचे नाहीत. इथं मात्र चाचा पहिल्यांदा उठून उभे राहिले.

"तंबोरे न्या. तंबोरे विकायलाच केलेत. भोपळे नेलेत तर पुढच्या वर्षी मी काय करू?"

आणि कायदा इथं चाचांच्या बाजूला नव्हता. हत्यार सुटतं, कच्चा माल सुटत नाही. पटाशी ठेवायची आणि जिच्यावर ती चालवायची ती वस्तू न्यायची, हे मला कधी पटलेलं नाही, पण न पटणं यादीत लिहिता येत नाही. मी पेन उघडलं.

तेव्हा चाचांनी वहीच्या पुठ्ठ्यातून दोन चिठ्ठ्या काढल्या. "आणि हे कुठं गेले? निकालानंतर दिलेत मी." एक ३५,००० ची, एक २५,००० ची. रोख. खाली सही नाही, नुसतं 'पोचले'.

हे दुखणं मी दर महिन्याला बघतो. निकाल लागल्यावर माणूस हात जोडून समोरच्याला रोख देऊन येतो आणि समजतो की फिटलं. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवावी लागते. डिक्रीदारानं, म्हणजे दावा जिंकणाऱ्यानं, नोंदवायची, त्यानं नाही केलं तर ऋणकोनं तीस दिवसांत अर्ज द्यायचा. नोंद नसली तर वॉरंट काढणाऱ्या कोर्टाच्या हिशेबी तो पैसा दिलेलाच नाही. चाचांचे तीस दिवस कधीच उलटलेले. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "शेठ ओळखीचे होते ना."

चिठ्ठी परत देताना माझं लक्ष पाचाच्या आकड्यावर गेलं. खालचं शेपूट उजवीकडं वळवून परत वर उचललेलं, पतंगाच्या शेपटासारखं. असा पाच मी त्याच सकाळी पाहिला होता, टेम्पोच्या भाड्याच्या चिठोऱ्यावर. दिवाणजीनं माझ्या समोर लिहिलेला.

मी काही बोललो नाही. चिठ्ठी त्याच्यापुढं धरली, एवढंच. चाळीस-पन्नास सेकंद गेली असतील. बाहेर हमाल तंबाखू मळत होते.

मग मी विचारलं, "दिवाणजी, मिळकत दाखवून द्यायचं काम तुमचं. भोपळे दाखवताय का?"

तो खाली बघत म्हणाला, "राहू देत."

हत्ती मात्र रिकामाच परतला. भोपळ्याला टोला बसला की तडा जातो, तंबोरा पोत्यासारखा रचून नेता येत नाही. सोयीनं हलवता न येणारी वस्तू जागेवरच एखाद्या भल्या माणसाच्या ताब्यात ठेवायची सोय नियमात आहे. चाचांनी तशी विनंती केली, मी समोरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, सुपूर्तनामा लिहिला, त्यांनी सही केली. चाचांनी खुंट्या ढिल्या केल्या आणि चारही तंबोरे घरातल्या गोधड्यांत गुंडाळून रस्त्यापलीकडं नेले. गोधड्या जप्तीत येत नाहीत, म्हणून त्या परत आणायला विसरू नका असं मी सांगितलं.

अहवालात शेवटी एक ओळ घातली : 'ऋणको यांनी एकूण रु. ६०,००० दिल्याच्या दोन चिठ्ठ्या दाखवल्या. दरखास्तदारांतर्फे हजर इसमाने त्यातील अक्षर नाकारले नाही.' ती खरीच होती. नाकारलं नव्हतंच. अहवालावर सही करताना दिवाणजीनं ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

पुढच्या तारखेला शेठच्या वकिलांनी साठ हजार मिळाल्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणं, दाखल केली. त्यांना ती का द्यावीशी वाटली, मी विचारलं नाही. उरलेल्या रकमेचे हप्ते ठरले. चाचा ते कोर्टात भरायचे आणि प्रत्येक पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला लांबूनच दाखवायचे.

जप्ती उठल्याचा हुकूम घेऊन मी गल्लीत गेलो तेव्हा उन्हाळा लागला होता. म्हाताऱ्यांच्या दुकानात चारही तंबोरे उभे, गोधड्या नाहीत, तारा लावलेल्या. मी म्हटलं, "काका, हे जप्तीतले आहेत. वाजवत होता काय?"

"सुपूर्तनाम्यात वाजवायचे नाहीत असं कुठं लिहिलंय?" ते म्हणाले. मी कागद उघडून पाहिला. खरंच लिहिलं नव्हतं. यादीवर चार खुणा केल्या आणि सहीसाठी पेन त्यांच्यापुढं केलं.