पडद्यावरचा नंबर लावण्याआधी

आप्पांच्या सोसायटीचं कन्नड पत्र ईमेलवर आलं. वर्डमध्ये उघडलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरात हे नवं नाही. जुन्या ‘नुडी’ फॉन्टात टाइप केलेलं पत्र, तो फॉन्ट आपल्याकडे नसेल तर असंच दिसतं. म्हणून फॉन्ट शोधायला बसलो आणि घाईत कुठल्यातरी भलत्याच साइटवरचं मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबलं.

सगळा पडदा निळा झाला. खालची पट्टी गेली, वरची फुली गेली, माउसचा बाणही दिसेना. सायरन वाजायला लागला. तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा, असं इंग्रजीत लिहिलेलं. आप्पांनी मोबाइल उचललासुद्धा. “नंबर दिलाय की त्यांनी, लाव की गा!” भाताचे पैसे त्याच खात्यात होते. माझेही हात कापत होते.

कॅप्स लॉक दाबून बघितलं. दिवा लागला, विझला. म्हणजे मशीन चालू होतं, अडकलं नव्हतं.

एस्केप दाबलं की ते पान लहान व्हायचं, पण फुलीसाठी क्लिक केलं की परत पडदाभर. तीनदा तसंच झालं तेव्हा उमगलं. ब्राउझर कुठल्याही पानाला आपणहून फुल स्क्रीन होऊ देत नाही, त्याला माणसानं क्लिक करावं लागतं किंवा बटण दाबावं लागतं. ते पान माझ्याच क्लिकवर टपून बसलं होतं! माउस बाजूला सारला.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. चालू असलेले प्रोग्राम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. बाणांच्या बटणांनी ब्राउझरच्या नावावर गेलो आणि डिलीट दाबलं. सायरन थांबला. आप्पा मटकन खुर्चीत बसले.

ब्राउझर परत उघडल्यावर तो आधीची पानं पुन्हा उघडू का विचारतो, तिथं हो म्हणू नका. मी डाउनलोडमधली अनोळखी फाइल काढली आणि विंडोजमधल्याच व्हायरस शोधणाऱ्या विंडोज सिक्युरिटीनं पूर्ण स्कॅन केलं. टास्क मॅनेजरही उघडला नसता, तर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरणं एवढंच उरलं होतं.

शेजारच्या काकूंचा लॅपटॉप असाच ‘अडकला’ होता, पण तिथं चुकून ब्राउझर पडदाभर करणारं एफ ११ दाबलं गेलं होतं. ते नुसतं एस्केप दाबून सहसा जात नाही, परत एफ ११ दाबावं, काही लॅपटॉपवर एफएन (Fn) बटणासोबत.

असल्या खोट्या इशाऱ्यांतल्या नंबरवरची माणसं कॉम्प्युटरचा ताबा देणारं ॲप टाकायला लावतात आणि पैसे काढतात. कुणाचे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार करा. तो नंबर आता आमच्या कॅलेंडरवर लिहिलाय.

पत्र शेवटी सेक्रेटरींकडून पीडीएफ करून मागवलं. आप्पांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. कन्नड त्यांना माझ्यापेक्षा बरं येतं.