व्हर्नियरवर नसलेलं माप

आमच्या वर्कशॉपमध्ये व्यास मोजायला जो व्हर्नियर कॅलिपर आहे, त्यावर २४.४३ मिलिमीटर हे माप येतच नाही. त्याचं लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणजे वाचनातला शेवटचा आकडा नेहमी सम असणार. टर्नरच्या प्रत्येक नव्या तुकडीला हे मी पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहून देतो. तरी एका पोराच्या वहीत २४.४३ लिहिलेलं होतं आणि त्याखाली लाल रेघ ओढून मी पान उलटलं होतं. मापाला मी चूक दिली, पण ते माप तिथं आलं कुठून, हे काही मी विचारलं नाही.

मी कोल्हापुरातल्या एका आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे. तुकडीत वीस पोरं, चालू लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायची यंत्रं, सात. एका लेथवर तिघं, एक चालवणार आणि दोघं बघणार. बघणाऱ्यांना वाटतं आपण शिकलो. तसं नसतं, हँडल हातात आल्यावर कळतं.

हा पोरगा आठवीपासून शाळा सुटली की उद्यमनगरात, इथल्या औद्योगिक वसाहतीत, मामाच्या शेडवर जायचा. त्याचा हात मी काय सांगू! हायस्पीड स्टीलचं कापायचं टूल धार लावायला ग्राइंडरवर धरायचा तेव्हा मनगट हलायचं नाही. समोरचा क्लिअरन्स, बाजूचा क्लिअरन्स, वरचा रेक, टूलच्या धारेचे हे सगळे कोन नुसत्या नजरेवर. टूल सेंटरच्या केसभर खाली बसलं असलं तर चिप बघून सांगायचा. चॅटरिंगचा, म्हणजे टूल थरथरल्याचा, आवाज यायच्या आत स्पीड उतरवायचा. पंधरा वर्षं शिकवतोय, असा हात असलेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आणि जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला तुकडा, मात्र रिजेक्ट. स्टेप टर्निंगचा, एकाच तुकड्यावर वेगवेगळ्या व्यासांच्या पायऱ्या काढायचा साधा जॉब, मधली स्टेप २४ मिलिमीटर व्यासाची. शेवटच्या कटाआधी माप घ्यायचं, वहीत लिहायचं, जास्तीचं मटेरियल निम्मं करून तेवढा कट द्यायचा (जॉब फिरतो, म्हणून व्यास कटाच्या दुप्पट उतरतो), अशी आमची पद्धत. व्यास २४.३४ असेल तर कट ०.१७ चा. यानं लिहिलं २४.४३, कट दिला ०.२१५ चा, आणि स्टेप २३.९१ वर गेली. उतरलेलं मटेरियल परत चढत नाही. तीन आठवड्यांत त्याचे चार जॉब भंगारात गेले. मी सगळ्यांसमोर बोललो, ‘‘हाताची एवढी मस्ती चांगली नाही, लक्ष कुठं असतं?’’ तो खाली बघत चिंध्यांनी बेड पुसत राहिला.

जानेवारीत एका दुपारी लाईट गेली. लेथ बंद, पोरं बाहेर उन्हात. मी वह्यांचा गठ्ठा ओढला आणि त्याची वही पहिल्या पानापासून, घाई न करता बघितली. २४.४३ होतंच. पुढं १८.२७. मग ३०.६५. सगळी विषम, म्हणजे त्या व्हर्नियरवर नसलेली मापं. शेजारी मी लाल शाईनं बरोबर मापं लिहिली होती: ३४, ७२, ५६. जिथं .२२ होतं, .४४ होतं, तिथं एकही चूक नाही. पॉइंटच्या आधीचे २४, १८, ३० सगळीकडं बरोबर. लाल शाई माझीच होती आणि तिच्यात काय लिहिलंय ते मी तोवर वाचलं नव्हतं.

त्याला आत बोलावलं. जॉबवर व्हर्नियर लावून दिला.

‘‘वाच.’’

त्यानं सरकत्या व्हर्नियर पट्टीवरची, मुख्य पट्टीशी म्हणजे मेन स्केलशी जुळलेली रेघ शोधली, सतरावी. ओठ हलले. ‘‘सतरा दुणे चौतीस. चोवीस पॉइंट चौतीस.’’ अगदी बरोबर.

‘‘आता लिही.’’

पॉइंटनंतर त्यानं आधी चार काढला, मग तीन.

मराठीत आपण चौतीस म्हणतो तेव्हा चार आधी ऐकू येतो, तीस नंतर. लिहिताना उलट. बहुतेकांना ही उलटापालट पहिली-दुसरीत अंगवळणी पडते. याला पडली नव्हती. पॉइंटच्या आधीचा चोवीस तो सांभाळून न्यायचा, कारण चोवीस मिलिमीटर केवढा ते त्याच्या बोटांना माहीत होतं, बेचाळीस लिहिला तर डोळ्यांना खटकायचं. शतांश मिलिमीटर कुणाच्या बोटाला लागत नाही. तिथं तो एकटा पडायचा.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही त्यात होतो, आम्ही नाही का शिकलो म्हणणाऱ्यांत. तेव्हा जे बोललो ते आज बोलणार नाही.

खरी अडचण माझ्या शिकवण्यात होती. मी व्हर्नियर एकाच पद्धतीनं शिकवतो: जुळलेली रेघ मोजा, लघुत्तम मापानं गुणा, मेन स्केलमध्ये मिळवा. परीक्षेतही असंच विचारतात. या पद्धतीत मधे ‘चौतीस’ हा शब्द येतोच. पण व्हर्नियर पट्टीवर दर पाच रेघांना आकडा छापलेला असतो, एक आकडा म्हणजे ०.१. तो आधी वाचायचा: तीन. लगेच तीन लिहायचा. मग त्याच्यापुढच्या रेघा, दोन, म्हणजे चार. चार लिहायचा. चौतीस म्हणायची गरजच नाही. त्याला हे दाखवलं, त्यानं सहा मापं घेतली, सहाही बरोबर. सातव्यांदा त्यानं स्वतःहून जॉब बदलला आणि परत घेतलं. तो हसला वगैरे नाही. ‘‘सर, लाईट कधी येईल?’’ एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी उत्साहात मी हीच पद्धत सगळ्या तुकडीला लावली आणि फसलो. दहावीला भरपूर मार्क असलेला एक पोरगा, सूत्रावर पक्का, आकड्याखालची रेघही मोजायला लागला आणि .३४ च्या जागी .३६ आणू लागला. त्याला गुणाकारच सोयीचा. आता दोन्ही शिकवतो. एक सहकारी म्हणाले, ‘‘परीक्षा एक, मग पद्धती दोन कशाला? वीस जणांचे वीस लाड कुठं पुरवणार?’’ वेळेचं त्यांचं म्हणणं मला पटतं, लाड हा शब्द नाही.

मागे एका प्रशिक्षणात आमच्याकडून तक्ता भरून घेतला होता: कोण बघून शिकतो, कोण ऐकून, कोण करून. चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा गटांप्रमाणे शिकवल्यानं जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा सापडला नव्हता. या पोराला मी डोळे झाकून ‘करून शिकणारा’ लिहिलं असतं, अजून चार जॉब दिले असते आणि तेही भंगारात गेले असते.

मामांना बोलावून घेतलं. म्हणाले, ‘‘हातात लई कसब हाय सर ह्याच्या, पण आकडं बघितलं की गार पडतोय.’’ शेडवर तो मास्टर पीसवर, म्हणजे नमुन्याच्या तुकड्यावर, बिनआकड्यांचा आउटसाइड कॅलिपर लावून तेवढाच जॉब काढायचा, आकडा लिहायची वेळच यायची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरली आहे, गणितातली अडचणही तिच्यात येते, तपासणी करून घ्या, असं मी सुचवलं. मी काही तज्ज्ञ नाही, त्याला तसं काही असेलच असंही नाही. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘कागद नको सर. उद्या कंपनीत कागद बघत्यात.’’ मी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं का, हे अजून कळत नाही. त्या वेळी पोरगा दाराशी उभा होता आणि त्याला आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही.

परवा कपाटातून गेल्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या. लाल पेन ठेवून दिलं आणि नुसती विषम मापं शोधत बसलो. बऱ्याच ठिकाणी साधी मोजायची चूक होती. एका वहीत मात्र .२७, .६५, .८१ अशी ओळीनं होती, आणि एप्रिलनंतरची पानं कोरी. तो पोरगा पहिल्या वर्षीच सोडून गेला होता. रजिस्टरमधला नंबर दोनदा लावला, लागत नाही. पत्ता गडहिंग्लजकडचा आहे. रविवारी जाऊन येणार आहे.