लूपरमधला ‘टक’ आणि मधलं अडखळणं : माझा अनुभव

गिटारच्या मल्टी-इफेक्ट्स यंत्रातल्या लूपरवर (वाजवलेला तुकडा भरून तोच पुन्हापुन्हा फिरवणारी सोय) लूप लावला की दर फेरीला सांध्यावर, म्हणजे शेवट सुरुवातीला जोडला जातो तिथे, ‘टक’ व्हायचं, आणि अधूनमधून मध्येच आवाज क्षणभर तुटायचा. या दोन्हींना मी एकच बिघाड समजत होतो, त्यातच बराच वेळ गेला. फर्मवेअर अपडेट केलं, पॅचचा (जतन केलेल्या आवाजाच्या सेटिंगचा) बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट मारला, केबल बदलल्या. फरक शून्य.

गाडी पुढे सरकली ती कागद-पेन्सिल घेतल्यावर. १२० बीपीएमवर (मिनिटाला १२० मात्रा) सोळा मात्रांचा, म्हणजे बरोबर ८ सेकंदांचा लूप भरून सेव्ह केला, गिटार बाजूला ठेवली आणि वीस फेऱ्या नुसत्या ऐकल्या. प्रत्येक खटक्याला तो कितव्या मात्रेवर आला त्याची खूण. ‘टक’ दर वेळी समेवर. तुटणं मात्र कधी तिसऱ्या मात्रेवर, कधी अकराव्या, आणि मध्ये दोन-तीन फेऱ्या काहीच नाही. इथेच दोन वाटा वेगळ्या झाल्या. दर फेरीला त्याच जागी येणारा दोष लूपमध्येच भरलेला असतो किंवा सांध्यावर असतो. जागा बदलणारा दोष वाजवण्याच्या बाजूचा असतो : वीज, कार्ड, सैल जॅक, यूएसबी. ही चाचणी आधी केली असती तर रीसेटच्या वाटेला गेलोच नसतो.

आधी सांध्याचा ‘टक’. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊन शांततेचाच लूप भरला. फिरवला, तर सांध्यावर काही नाही. म्हणजे स्विचचा विजेचा ठोका किंवा आउटपुटचा बिघाड नव्हता, टक सुरातूनच येत होती. मग आउटपुट संगणकावर रेकॉर्ड करून सांध्याचा भाग मोठा करून पाहिला. लहर वरच्या बाजूला असताना लूप संपत होता आणि नवी फेरी शून्याच्या खालून सुरू होत होती. मध्ये सरळ उभी पायरी. आवाजात अशी अचानक उडी आली की कानाला ती ‘टक’ अशीच लागते. काही लूपर सांध्यावर दोन्ही टोकं काही मिलिसेकंद एकमेकांत मिसळतात, पण रिव्हर्ब (आवाजामागे रेंगाळणारा घुमारा) मोठा असेल तर तेवढ्याने भागत नाही.

आणि माझा रिव्हर्ब मोठा होता. लूपर इफेक्ट्सच्या साखळीच्या शेवटी, म्हणून रिव्हर्बसकट आवाज भरला जायचा. शेवटच्या कॉर्डची तीन सेकंदांची शेपटी सांध्यावर कापली जायची आणि पुढच्या फेरीची पहिली कॉर्ड एकदम कोरडी सुरू व्हायची. यावर तीन उपाय करून पाहिले. लूपर डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्बच्या आधी हलवला की लूपमध्ये कोरडा आवाज भरतो आणि शेपटी प्रत्येक फेरीला ताजी तयार होते, त्यामुळे सांधा कळतच नाही. पण पॅच बदलला की आधी भरलेल्या लूपचाही रंग बदलतो. ताल क्लीन आणि सोलो डिले-रिव्हर्बमध्ये भिजलेला हवा असेल तर हे चालत नाही. दुसरा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये रेकॉर्डनंतर थेट प्ले न ठेवता रेकॉर्ड, ओव्हरडब (चालू लूपवर आणखी थर भरणं), प्ले असा क्रम लावायचा. लूप बंद केला की लूपर ओव्हरडबमध्ये जातो आणि उरलेली शेपटी सुरुवातीवर भरली जाते. शेपटी विरेपर्यंत तारांना हात लावायचा नाही, एवढंच. तिसरा उपाय सेटिंगशिवायचा आणि मला सगळ्यात आवडलेला : रेकॉर्ड दाबण्याआधीच एक बार (मात्रांचा एक ठरावीक गट) वाजवायला सुरुवात करायची, समेला स्विच दाबायचा, आणि शेवटी समेला बंद करतानाही हात थांबवायचा नाही. लूपच्या तोंडाशीच आधीच्या बारची शेपटी येते.

पायाकडेही बघावं लागलं. ज्या फूटस्विचवर ‘दाबून धरल्यास’ वेगळं काम नेमलेलं असतं, तो बहुतेक वेळा दाबल्यावर नाही, सोडल्यावर काम करतो. यंत्राला वाट बघावी लागते ना, हा नुसता टॅप आहे की धरून ठेवलंय. तपासणी सोपी आहे. स्विच हळू दाबून तसाच धरा आणि दिवा कधी बदलतो ते पाहा. माझा सोडल्यावर बदलत होता. पाय उचलायला ०.१ सेकंद लागला तरी १२० बीपीएमवर तो मात्रेचा पाचवा भाग होतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही सारखेच उशिरा झाले तर लूपची लांबी बरोबर येते, पण शेवटी पाय घाईत पडतो, आणि लूप लंगडतो. त्या स्विचवरचं दाबून धरण्याचं काम दुसरीकडे हलवलं, तिथे हा प्रश्न मिटला.

आता जागा बदलणारं तुटणं. सगळी पेडलं एकाच अडॅप्टरवर, एकातून एक काढलेल्या पिनांच्या वायरवर होती. प्रोसेसरवर, म्हणजे मल्टी-इफेक्ट्सवर, लिहिलं होतं ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, मधली पिन ऋण. अडॅप्टर ७०० मिलिअँपिअरचा, म्हणून पुरेल असा हिशोब. पण त्यावर एक डिजिटल डिले, ट्यूनर आणि दोन ओव्हरड्राइव्हही होते. अशा वायरचा एक फायदा असा की एक पिन रिकामी असेल तर सगळं चालू असताना व्होल्टेज मोजता येतं. मल्टीमीटरचं लाल टोक पिनेच्या बाहेरच्या कड्याला, काळं आतल्या भोकात, दोन्ही टोकं एकमेकांना चुकूनही लागू न देता. सगळं काढलेलं असताना ९.३ व्होल्ट, सगळं चालू असताना ८.१. म्हणजे अडॅप्टर कमी पडत होता. प्रोसेसरला त्याचा स्वतंत्र अडॅप्टर दिला. पिन निवडताना बाहेरून सारखीच दिसणारी २.१ आणि २.५ मिलिमीटरची तपासून घ्या. २.१ च्या पिनवर २.५ ची बसते खरी, पण सैल, आणि पायाच्या ठोक्याने हलते.

एवढ्यावर तुटणं कमी झालं, थांबलं नाही. पुन्हा कागद. नवा भरलेला, सेव्ह न केलेला लूप वीस फेऱ्यांत एकदाही तुटला नाही. मेमरी कार्डावर सेव्ह करून परत उघडलेला तोच लूप चार वेळा तुटला. माझ्या यंत्रात ताजा लूप आतल्या मेमरीतून वाजतो आणि सेव्ह केलेला कार्डावरून, त्यामुळे दोषी ठरायला आणखी पुरावा नको होता. कार्ड जुनं, जवळजवळ भरलेलं, आणि वर्षानुवर्षं संगणकावरून फायली टाकून-काढून तुकडे झालेलं. सगळं संगणकावर उतरवून घेतलं, मॅन्युअलमध्ये चालेल म्हणून दिलेलं क्लास १० चं ३२ जीबी कार्ड घेतलं, आणि ते संगणकावर नाही तर यंत्राच्याच मेनूतून फॉरमॅट केलं. मग फायली परत टाकल्या. तुटणं गेलं.

फायलींवरून आठवलं. बाहेरून टाकलेल्या दोन बॅकिंग लूपमध्ये सांध्यावर बारीकशी पोकळी उरलीच होती. ते एमपीथ्रीवरून वेव्ह (WAV) फायली केलेले निघाले. एमपीथ्री आवाज १,१५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या सूक्ष्म नोंदींच्या) ठोकळ्यांत भरतो, ४४.१ किलोहर्ट्‌झला एक ठोकळा २६ मिलिसेकंदांचा, आणि सुरुवातीला व शेवटी शांततेची भर घालतो. वेव्हमध्ये बदललं तरी ती भर राहते. संगणकावर दोन्ही टोकं कापून लांबी मोजून जुळवायची. १२० बीपीएमचा सोळा मात्रांचा लूप ४४.१ ला बरोबर ३,५२,८०० सॅम्पलचा हवा.

तिसऱ्या-चौथ्या थराला येणारी खरखर ही वेगळीच गोष्ट, ती तुटण्यात मोजू नका. हुबेहूब सारखे दोन थर एकावर एक बसले तर ६ डेसिबल वाढतात. भरतानाच आवाज छाटला गेला तर नंतर व्हॉल्यूम कमी करून खरखर जात नाही. पॅचची पातळी आधीच ४-५ डेसिबल खाली ठेवतो आणि उरलेलं अँपवर भरून काढतो.

स्विचची एक शंका मात्र अजून शिल्लक आहे. कधीतरी एकदाच दाबलं तरी लूप सुरू होऊन लगेच थांबतो. आतले संपर्क झिजले की एका दाबाचे दोन मोजले जातात, आणि दोनदा दाबणं म्हणजे स्टॉप. वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारला, वीस-तीस वेळा दाबून घेतलं, पूर्ण वाळू दिलं. सध्या ठीक चाललंय. पुन्हा सुरू झालं तर स्विच बदलणार.